तिन्ही निगेटिव्ह

मी जनावरांची डॉक्टर आहे, पण जिवंत जनावर माझ्यासमोर क्वचितच येतं. माझ्याकडं येतात ते तुकडे. लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मलिनच्या डब्यांतून आलेल्या गाठी मी चिरते, मेणात बसवते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर चढवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघते. गेली काही वर्षं त्यातही कुत्र्यांच्या माद्यांना स्तनात होणाऱ्या गाठी हाच माझा विषय आहे. साधी गाठ की कॅन्सर, हे सहसा डोळ्यांना कळतं. पण कॅन्सर असला तर तो किती वेगानं वाढणार, कुठल्या औषधाला दाद देणार, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यासाठी पेशीतल्या खुणा शोधाव्या लागतात. आम्ही त्यांना मार्कर म्हणतो. जे प्रथिन शोधतोय ते पेशीत असलं की ती तपकिरी रंग पकडते, नसलं की निळसर राहते. माणसांसाठी बनवलेल्या यातल्या बऱ्याच चाचण्या कुत्र्यांनाही चालतात, कारण ती प्रथिनं दोघांत जवळपास सारखीच असतात. हे वाक्य मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते. ते लिहून घेतात.

माझी ताई नांदेडला राहायची. आम्ही मूळच्या औशाच्या. आई लवकर गेली, त्यामुळं माझी वेणी घालण्यापासून मला लातूरच्या होस्टेलवर सोडण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. दाजींचं नांदेडात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे; शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी ते पुन्हा तार भरून चालू करून देतात. ताई उमरीच्या एका शाळेत गणित शिकवायची, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. मूल झालं नाही. त्याबद्दल ती बोलायची नाही आणि दुसऱ्या कुणी विषय काढला तर सरळ म्हणायची, "तुमचे किती हायेत ते सांभाळा आधी."

उमरीच्या शाळेत एक तांबडी कुत्री यायची. मुलांच्या डब्यातलं खायची आणि गणिताच्या तासाला दारात येऊन झोपायची. ताई म्हणायची, वर्गात लक्ष देणारी तेवढी एकच आहे. एका पावसाळ्यात कुणीतरी तिच्या पायावरून मोटारसायकल घातली. दाजी त्याच दिवशी उमरीला मोटारी पोचवायला गेले होते. ताईनं कुत्रीला त्यांच्या टेम्पोत चढवलं आणि घरी आणलं. पाय बरा झाला, कुत्री राहिली. नाव मात्र ठेवलं नाही. ताई तिला "अगं" म्हणून हाक मारायची आणि कुत्री यायची. मी म्हटलं, काहीतरी नाव ठेव की. ती म्हणाली, "कशाला? तुझे दाजी मला बी अगंच म्हणतात. हाक मारली की आम्ही दोघी बी जातो."

एका शनिवारी ताईचा फोन आला. कुत्रीला आंघोळ घालताना पोटाखाली, मागच्या सडाजवळ, काहीतरी हाताला लागलं होतं. बोराएवढं. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं नांदेडला गेले. दाजी रविवार असूनही दुकानात होते. हंगाम होता, मोटारी साचल्या होत्या. आम्ही दोघींनी कुत्रीला अंगणात पोत्यावर उताणं निजवलं. ती शेपटी हलवत पडून राहिली. गाठ होती, पण कातडीखाली सुटी होती, बोटानं सरकत होती.

"काढून टाकू," मी म्हणाले. "पिशवीचं ऑपरेशन पण त्यातच करू. ते आधीच व्हायला पाहिजे होतं. लहानपणीच पिशवी काढली तर ह्या गाठी बहुधा होत नाहीत."

"मला कुठं माहीत होतं?"

"आता माहीत झालं. हात इकडं दे."

मी ताईचा हात धरून तिला तपासायला शिकवलं. दोन्ही बाजूंच्या सडांच्या ओळी पुढून मागं कशा चाचपायच्या, बोटाच्या टोकानं टोचायचं नाही, पेराच्या मऊ भागानं गोल फिरवायचं. दर आठवड्याला असं बघत जा, म्हटलं. सरकणारी गाठ त्यातल्या त्यात बरी. खाली चिकटलेली असेल, दगडासारखी लागत असेल, वरची कातडी आत ओढली गेली असेल, तर वाट बघायची नाही.

ताई हात फिरवत होती. मग तिचा हात थांबला.

"चिकटलेली म्हणजे वाईटच का?"

"वाईटच असं नाही. पण बघावं लागतं."

"मंग माझी बघ," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. ती उठली, हात धुतले, आत गेली. मी मागोमाग गेले. तिनं खोलीचं दार लावलं आणि ब्लाउजची बटणं काढली. डाव्या बाजूला, काखेकडं. मी हात लावला. त्या आधी मी असंख्य गाठी हाताळल्या होत्या, सगळ्या कापलेल्या, थंड. ही गरम होती. हलत नव्हती.

"कवापासून हाय?"

मीही एकदम गावाकडच्या बोलीत विचारलं, हे नंतर लक्षात आलं.

"दिवाळीपासून असंल. दुखत न्हाई म्हणून सोडून दिलं. परीक्षा होत्या." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बारके, तोंड तसं करू नको. काय हाय ते सांग."

"मी जनावरांची डॉक्टर आहे."

"ते माहीत हाय मला."

"उद्याच दाखवू," मी म्हणाले.

ती बटणं लावून बाहेर गेली. अंगणात कुत्री पोत्यावर तशीच उताणी पडली होती. ताई तिला म्हणाली, "ऊठ अगं, झालं तुझं." मग आम्ही जेवलो. वरण, भात, मिरचीचा ठेचा. मी दोनदा भात वाढून घेतला. दुपारभर मला बरंच काही वाटेल अशी मी वाट बघत होते. काही वाटलं नाही. माझ्या बोटांना मात्र ती जागा आठवत होती, आणि ती बोटं दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी मी त्यांच्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या एका डॉक्टरबाईंनी ताईला तपासलं, फोटो काढायला लावले, सुईनं तुकडा काढला. तपासणीला वेळ लागणार होता. ताई म्हणाली, तवर कुत्रीचं उरकून टाक. माझं काहीबी होवो, ती रांगेत पहिली होती. दाजींनी टेम्पोतून कुत्रीला लातूरला आणलं. माझ्या सहकाऱ्यानं ऑपरेशन केलं, गाठ माझ्याकडं आली. तिचे काप मी स्वतः काढले. गाठ साधी होती. नीट वेटोळ्यांची, कडेनं गुळगुळीत. वाढ दाखवणारा मार्कर लावला तेव्हा काचेवर तपकिरी ठिपके कुठंतरी एखाद-दुसरे होते. मी ताईला फोन करून सांगितलं.

"पास झाली म्हण की," ताई म्हणाली. "वर्गात झोपून पास झाली."

ताईचा पहिला अहवाल आला. कॅन्सर. त्या तुकड्याचे मार्कर अजून यायचे होते. दाजी तेवढ्यावर आशा धरून होते. डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं होतं की पुढचं औषधपाणी त्या मार्करवर ठरेल, म्हणून ते दर दिवशी दुकानातून लॅबला फोन लावायचे.

मी प्रयोगशाळेत होते तेव्हा त्यांचा फोन आला. मागं गाड्यांचे आवाज होते.

"डॉक्टरीणबाई, आलं! तिन्हीच्या तिन्ही निगेटिव्ह आलं!"

मी हातातली काच खाली ठेवली.

"ऐकू येऊन राहिलं ना? तिन्ही निगेटिव्ह. एकबी पॉझिटिव्ह न्हाई. मी मिठाईच्या दुकानात हाय. तुझ्या ताईला पेढे घेऊन राहिलो."

आपल्याकडं निगेटिव्ह म्हणजे सुटलो. कोरोनाच्या साथीत तर सगळ्या घराला हा एकच शब्द ऐकायचा असायचा. दाजींचं काही चुकलं नव्हतं.

"दाजी," मी म्हणाले, "दुकानाच्या बाहेर या जरा."

"का गं?"

"या तर."

ते बाहेर आले. मी वर्गात समजावते तसं समजावलं. आवाज जराही बदलला नाही, इतका की तो माझा मलाच ऐकू येत होता. म्हटलं, ह्या तीन खुणा म्हणजे गाठीला धरायच्या जागा. त्यातली एखादी पॉझिटिव्ह असती तर तिला धरून गोळी देता आली असती, इंजेक्शन देता आलं असतं. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे औषधाला धरायला जागा नाही. मग सगळ्या अंगावर जाणारं औषध द्यायचं, केमो, आणि ते लागू पडतं का बघायचं. ह्या जातीची गाठ घाई करते.



"म्हणजे पॉझिटिव्ह चांगलं असतं व्हय?" दाजी म्हणाले.

"हाव, ह्यात पॉझिटिव्ह चांगलं."

"पेढे बांधून दिले त्यानं," ते म्हणाले. "आता परत कसे द्यावे."

ते पेढे घेऊन घरी गेले. ताईनं सगळं ऐकलं आणि मग पुडा उघडला. मला संध्याकाळी फोनवर म्हणाली, "पेढ्याचा काय दोष? चांगले हायेत. खव्याचे हायेत." दाजींनी एकही खाल्ला नाही.

दाजींना हैदराबादच्या डॉक्टरांचं मत घ्यायचं होतं. त्यासाठी ताईच्या गाठीच्या काचा आणि मेणाचा ठोकळा नांदेडच्या लॅबमधून सोडवून घ्यावा लागला. दाजी आधी लातूरला आले, कारण मला सोबत जायचं होतं. ते हातपाय धुवायला गेले आणि काचांची चपटी डबी टेबलावर ठेवून गेले. जेवण झाल्यावर मी त्यांना म्हटलं, मी जरा लॅबला जाऊन येते. त्यांनी डबीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मान हलवली.

दुपारची वेळ होती, लॅबमध्ये पंखा चालू होता. मी ताईची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काचेवर नाव नव्हतं, नंबर होता. माझ्याकडं येणाऱ्या काचांवरही नंबरच असतो. आधी त्या तीन मार्करांची एकेक काच बघितली. निळं, नुसतं निळं. मग वाढ दाखवणाऱ्या मार्करची बघितली. तपकिरी ठिपके कडेपासून कडेपर्यंत. कुत्र्यांच्या वाईट गाठींत मी हे अनेकदा बघितलं होतं. कुणी ती काच माझ्या रोजच्या ढिगात ठेवली असती तर मला ओळखू आलं नसतं की ही बाई आहे.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. रडू येईल, निदान हात तरी कापतील. मी काच डावीकडून उजवीकडं सरकवत राहिले. काप चांगला काढला होता. एका कोपऱ्यात बारीकशी घडी पडली होती, तेवढंच. हात सरावलेला आहे ह्यांचा, असं माझ्या मनात आलं. त्याहून जास्त काही आलं नाही. काचा पुसल्या, डबीत ठेवल्या, घरी आले. दाजी टीव्हीसमोर बसले होते, टीव्ही बंद होता.

"बघितलं?"

"हाव."

त्यांनी पुढं विचारलं नाही. ताईनं विचारलं. आम्ही हैदराबादहून आल्यावर एकदा म्हणाली, "तू माझं बघितलंस म्हणं. कसं दिसतं?"

"तुझ्यासारखंच," मी म्हणाले. "घाईत."

ती पोट धरून हसली. मीही हसले. तो आमचा त्या वर्षातला सगळ्यात चांगला दिवस असावा.

हैदराबादनं तेच सांगितलं जे नांदेडनं सांगितलं होतं. केमो सुरू झाला. मी दर शनिवारी नांदेडला जायचे. अहमदपूर, लोहा, नांदेड. बसमध्ये मी पेपर तपासायचे. त्या वर्षी मी लॅबमध्येही खूप काम केलं. कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विचारलं की ताई कशी आहे, तर मी म्हणायचे, औषध चालू आहे. ते खरंच होतं.

ताईचे केस गेले तेव्हा ती रुमाल बांधून उमरीला जायला लागली. वर्गातल्या पोरी एक दिवस सगळ्याच रुमाल बांधून आल्या, तर तिनं सगळ्यांना रुमाल सोडायला लावले. "वेण्या दिसल्या पाहिजेत मला. मी कशाला येते मग इथं?" असं म्हणाली, असं तिनंच मला सांगितलं.

तिला एकाच गोष्टीनं रडताना मी बघितलं. केमोनंतर दोन-तीन दिवस कुत्री तिच्याजवळ जायची नाही. औषधाचा वास येत असावा. ताई हाक मारायची, "अगं, ये की," आणि कुत्री दारातच उभी राहून शेपटी हलवायची, आत यायची नाही. ताई पलंगावर बसून रडली. "हिला बी वास येऊन राहिलाय माझा," म्हणाली. मी कुत्रीला ओढून आणायला गेले, तर म्हणाली, "राहू दे. जबरदस्ती कशाला."

त्यातच रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही महिने घरात जनावर नको. ताईनं वाद घातला, मग हरली. मी कुत्रीला लातूरला माझ्याकडं आणलं. संध्याकाळी व्हिडिओवर ताई हाक मारायची. कुत्री फोनच्या मागं जाऊन बघायची.

केमोनं गाठ लहान झाली. ऑपरेशन झालं. काढलेल्या भागात अजून जिवंत पेशी शिल्लक होत्या, असं अहवालात होतं. दाजींनी तो मला वाचून दाखवला आणि ह्या वेळी पेढ्यांचं काही बोलले नाहीत. "ह्याचा अर्थ सांग," म्हणाले. मी सांगितला. ते ऐकून घेत होते, मधेमधे "बरं, बरं" म्हणत. पुढं काही महिने बरे गेले. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. ताई परत रोज रेल्वेनं जायला लागली. कुत्रीला आता आणू म्हणत होती, तेवढ्यात खोकला सुरू झाला.

फुप्फुसात होतं. कुत्र्यांतही ही गाठ पहिल्यांदा बहुधा तिथंच जाते. हे मी दाजींना सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना ते मी न सांगताच कळलं.

शेवटचे दिवस ताई घरीच होती. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर. मी रजा काढून गेले होते. एका सकाळी तिनं मला गणिताचा एक पेपर शोधायला लावला. त्यातलं एक उदाहरण चुकीचं छापलं होतं आणि तिच्या जागी आलेल्या नव्या मॅडमना ते सांगायचं राहून गेलं होतं. मी फोन लावून दिला. ती दम घेत घेत बोलली, पण सगळं नीट बोलली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बरी हाय पोरगी. शिकेल." त्या दिवशी दुपारी ती गेली. दाजी उशाशी होते. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. दाजींनी मला हाक मारली नाही. मी चहा घेऊन आले तेव्हा ते तिच्या अंगावरची चादर सारखी करत होते. मी कप खाली ठेवले. गॅस बंद केलाय का ते बघायला परत आत गेले.

त्यानंतरची कामं मी केली. फोन, शाळा, औशाचे नातेवाईक, यंत्र परत देणं. सगळे म्हणत होते की धाकटी फार खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. कुठं काही लागतच नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर असतो आणि आपण तो उगीच चावून बघतो, तशी मी स्वतःला बघत होते. दहाव्याला काही झालं नाही, तेराव्याला काही झालं नाही. लातूरला आले, कामावर गेले.

डॉक्टरबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं: तुझ्या ताईचा प्रकार असा आहे की तुझंही रक्त तपासायला हवं. हा मार्कर गाठीतला नाही, जन्मापासून रक्तात येणारा. घराण्यात चालत आलेला एक दोष. ताईचं ती असतानाच तपासलं होतं. तिच्यात तो होता. मी रक्त दिलं. माझ्यात तो नव्हता. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, अभिनंदन. मी दाजींना कळवलं.

"निगेटिव्ह ना?" दाजींनी विचारलं. आणि लगेच, "ह्यात कोणतं चांगलं असतं?"

"ह्यात निगेटिव्ह चांगलं."

"बरं झालं," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "लई बरं झालं." त्यांचा आवाज भरून आला होता. माझा नव्हता. मी फोन ठेवला आणि वर्गावर गेले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी दाजी टेम्पो घेऊन लातूरला आले. किल्लारीला कुणाची तरी मोटार पोचवायची होती, तिकडून आले म्हणाले. जेवले. मग बराच वेळ कुत्रीच्या कानामागं खाजवत बसले.

"हिला नेऊ का?" त्यांनी विचारलं. "घर लई मोठं वाटून राहिलंय. तुला अडचण नसंल तर."

"मला कसली अडचण? तुमचीच आहे ती."

कुत्री आता म्हातारी झाली होती, तोंडावर पांढरी. माझ्याकडची तिला सवय झाली होती. मी सकाळी उठले की ती आधी दारात जाऊन उभी राहायची. मी तिचं ताट, तिची गोधडी, गुडघ्याच्या गोळ्या पिशवीत घातल्या. गोळ्या कधी द्यायच्या ते दाजींना सांगितलं. त्यांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं. मी तिला शेवटचं तपासलं, दोन्ही ओळी, पुढून मागं. काही नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "दर आठवड्याला बघत जा. कसं बघायचं ते दाखवते."

दाजींनी हात पुढं केला. त्यांच्या बोटांना तारेचे जुने काप होते, कातडी जाड झालेली. मी त्यांचा हात धरून फिरवला. त्यांनी मन लावून शिकून घेतलं.

टेम्पोचं मागचं दार उघडल्यावर कुत्रीला उडी मारता येईना. आम्ही दोघांनी तिला उचलून वर ठेवलं. ती लगेच गोधडीवर गोल फिरून बसली. दाजी म्हणाले, "येते का नांदेडला दोन दिवस?" मी म्हणाले, उद्या लॅब आहे, पुढच्या शनिवारी येते. ते बरं म्हणाले आणि टेम्पो वळवला.

मी घरात आले. फरशीवर तांबडे केस पडले होते, ते झाडून घेतले. कुकर लावायला घेतला आणि रोजच्या सवयीनं तिच्या वाट्याचाही तांदूळ घेतला. मग काढायला गेले नाही, तसाच शिजवला.